तिला कुणी विचारलं होतं का?

रोम, गुरुवार, रात्री साडेदहा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी सगळं चार वाक्यांत गुंडाळतो आणि फोन आईच्या हातात देतो, हे तुला ठाऊक आहे. हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये कोरे कागद मिळाले. आई बादलीत गरम पाणी घेऊन पाय शेकत बसली आहे. तेव्हा लिहितो.

तू बुक करून दिलेली पायी सहल आज झाली. तीन तासांची होती, साडेचार तास चालली. त्यात माझा वाटा मोठा आहे, ते पुढे येईलच. ऐनवेळी तुझी रजा रद्द झाली म्हणून मी तिकडे दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. पण एका परीनं बरंच झालं. तू बरोबर असतीस तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, आणि तोंडानं मला हे सांगता आलं नसतं.

सकाळी साडेआठला कोलोसिओ मेट्रोच्या दारात गाइड उभी होती. तुझ्याच वयाची, पुरातत्त्व शिकलेली, हातात मिटलेली लाल छत्री. सगळ्यांच्या कानात एकेक यंत्र अडकवलं, त्यामुळे ती पन्नास पावलं पुढे असली तरी आवाज कानाशी. आईला ते फार आवडलं. म्हणाली, घरी तुमच्यासाठी एक घेऊया, हाक मारून घसा सुकतो.

कोलोसियमपाशी मी जरा हरवलोच. सगळी उमर बांधकाम खात्यात गेलेला माणूस, मला ग्लॅडिएटर दिसेनात, जोड दिसायला लागले. त्या भिंतींना देवीच्या वणांसारखी भोकं आहेत, हजारोंनी. दगड एकमेकांना चुन्यानं न जोडता लोखंडी आकड्यांनी जोडले होते, सगळं मिळून अंदाजे 300 टन लोखंड. पुढच्या शतकांत रोम गरीब झालं तेव्हा लोकांनी भिंती कोरून ते आकडे उपसून नेले. आणि तरी ती उभी आहे! नीरोनं आपल्या महालासाठी केलेलं तळं आटवून त्या जागेवर सम्राट व्हेस्पेसियननं हे काम काढलं आणि त्याच्या मुलानं, टायटसनं, इ.स. 80 मध्ये उद्घाटन केलं. तळमजल्याला 80 कमानी, त्यातल्या 76 वर प्रवेशाचे क्रमांक कोरलेले. उत्तरेकडच्या बाजूला 23 पासून 54 पर्यंतचे आकडे अजून वाचता येतात. दक्षिणेची बाजू 1349 च्या भूकंपात कोसळली आणि तिचे दगड गावभरच्या इमारतींना लागले. मी जोडांचे फोटो काढत मागे राहिलो, तेव्हा कानात आवाज आला, "इंजिनिअर साहेब, सिंह पुढे आहेत."

तिची सांगायची एक तऱ्हा होती. आधी गोष्ट सांगायची, अगदी रंगवून, हातवारे करून. मग थांबायची आणि म्हणायची, आता दगड बघा. पॅलेटाइन टेकडीवर तिनं रोम्युलस आणि रीमसची गोष्ट सांगितली. टोपलीतून टायबर नदीत सोडलेली जुळी पोरं, लांडगीचं दूध, मेंढपाळाच्या घरी वाढलेली, पुढे भिंतीवरून उडी मारली म्हणून एकानं दुसऱ्याला ठार केलं. मग म्हणाली, लॅटिनमध्ये लांडगीला जो शब्द आहे तोच वेश्येलाही आहे, आणि मेंढपाळाच्या बायकोला लोक त्याच नावानं हाक मारत असतील, ही शंका लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकारानंच दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. आपला बखरकार असा लिहील का, सांग. आणि मग दगड. तिथल्या खडकात गोल खड्डे आहेत, कुडाच्या झोपड्यांचे खांब रोवलेले. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातले, म्हणजे ज्या काळी रोम वसलं असं रोमन मानायचे, साधारण तोच काळ. तिथंच कुठंतरी रोम्युलसची झोपडी म्हणून एक झोपडी राजवाड्यांच्या शेजारी शेकडो वर्षं जपली होती. वाऱ्यापावसानं मोडली की पुजारी ती पुन्हा होती तशीच नीट करायचे, जास्त भपका करायचा नाही असा नियम. आई म्हणाली, म्हणजे दरसाल शाकारणी.

खाली उतरल्यावर सम्राट मॅक्सेन्शियसच्या त्या अवाढव्य कमानी लागतात. त्यांच्याखाली त्याआधी मिरीची वखार होती. मिरी भारतातली. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की, दरवर्षी निदान 5 कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, भारत आमच्याकडून ओढून घेतो. एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणार? मी आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, काढला. पंचगंगेकाठी टेकडीच्या पोटात मिळालेली ती हातभरही नसलेली काशाची रोमन मूर्ती, आपल्या टाउन हॉलच्या म्युझियममधली, शाळेतून तुमची सहल गेली होती ती. मिरी मलबारची, आपली नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. गाइडनं वही काढून कोल्हापूर हे नाव लिहून घेतलं. अर्धा तास त्यात गेला. मागच्या एका आजोबांनी उसासा टाकला तो यंत्रातून सगळ्यांनी ऐकला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

वेस्टा म्हणजे त्यांची चुलीची, घरातल्या अग्नीची देवी. तिच्या पुजारणींचा वाडा फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, आहे. वाडाच म्हणायचा; मध्ये लांबलचक चौक, चौकात हौद, हौदात लाल मासे, आणि कडेनं पुजारणींचे संगमरवरी पुतळे ओळीनं, बहुतेकांना डोकी नाहीत. पुजारणी सहा. रोमचा अग्नी विझू द्यायचा नाही हे काम. विझला तर चाबूक. तीस वर्षं ब्रह्मचर्य, ते मोडलं तर जमिनीखालच्या कोठडीत दिवा, थोडी भाकरी, पाणी, दूध, तेल ठेवून तिला खाली उतरवायचे आणि वरून माती लोटायचे. म्हणजे आम्ही मारलं नाही, असं म्हणायला मोकळे. मान मात्र भारी. स्वतःच्या नावावर मालमत्ता, खेळ बघायला पुढच्या रांगेत जागा, आणि फाशीकडे नेलेला कैदी योगायोगानं वाटेत भेटला तर त्याचा जीव वाचायचा.

तुशिया नावाच्या एका पुजारणीवर आळ आला, तेव्हा तिनं टायबरचं पाणी चाळणीत भरून देवळापर्यंत नेलं, एक थेंब सांडला नाही, अशी कथा. आई लगेच म्हणाली, ही तर आपली रेणुका, वाळूचा घडा करून पाणी आणणारी. मी कौतुकानं गाइडला ते सांगायला निघालो, तर ही मागून म्हणते, "दोन्हीकडे पाणी बाईनंच आणायचं." ते भाषांतर करून सांगितल्यावर घोळक्यातल्या सगळ्या बायका हसल्या, पुरुष हौदातले मासे बघू लागले.

मग गाइड म्हणाली की, या मुली निवडल्या जायच्या तेव्हा सहा ते दहा वर्षांच्या असायच्या. आणि माझ्या तोंडून, माझ्या त्या मोडक्या इंग्रजीत, निघून गेलं, "त्या पोरींना कुणी विचारायचं का?"

शब्द बाहेर पडले आणि मी जागच्या जागी थिजलो. हा प्रश्न माझा नव्हताच, मनू. तुझा होता.

तुला पन्हाळा आठवतो का? तू तिसरीत होतीस. अंबरखान्यापाशी त्या म्हाताऱ्या गाइडनं गंगू तेलिणीची गोष्ट सांगितली होती, तटबंदी सारखी ढासळत होती, तेव्हा तिचा बळी दिला आणि मग तट उभा राहिला. बरोबर माझे साहेब, त्यांची मंडळी, सगळे हात जोडून उभे. आणि तू मोठ्यानं विचारलंस, "बाबा, तिला कुणी विचारलं होतं का?" मी तुझा दंड धरून बाजूला नेलं आणि म्हणालो, नसते प्रश्न विचारू नकोस, मोठ्यांसमोर अब्रू घालवतेस. दंडावर बोटं उठली होती. तू रडली नाहीस. तीन दरवाज्यापाशी घेतलेलं भाजकं कणीस तू खाल्लं नाहीस, कागदात गुंडाळून आईच्या पिशवीत ठेवलंस, आणि एसटीत कोल्हापूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलीस. त्यानंतर बरीच वर्षं तू मला काही विचारलंच नाहीस. मी समजत होतो, पोरगी शहाणी झाली.

गाइडनं मात्र माझा प्रश्न धरून ठेवला. म्हणाली, नाही, विचारत नसत. मुख्य पुरोहित मुलीला तिच्या बापाजवळून धरून न्यायचा, आणि त्या क्रियेला शब्दही "पकडणे" हाच होता. धरताना म्हणायचं वाक्य ठरलेलं: "तुला, अमाता, मी पकडतो." मुलगी कुणीही असो, त्या क्षणी तिचं नाव अमाताच. पुढे पुढे बाप लोक मुली देईनात. तेव्हा सम्राट ऑगस्टसनं शपथेवर सांगितलं की, माझी एखादी नात वयात बसती तर मी स्वतः पुढे केली असती. वयात एकही बसत नव्हती. अशी भाषणं आपण ऐकली आहेत.

मग ती म्हणाली, तुम्ही सकाळपासूनच्या गोष्टी पुन्हा आठवा. रोम्युलसची आई रिया सिल्व्हिया. तिला तिच्या काकानं मुद्दाम वेस्टाची पुजारीण केलं, का, तर तिला मूल होऊ नये आणि गादीला वारस उभा राहू नये. पुढे रोममध्ये बायका नव्हत्या म्हणून रोम्युलसच्या लोकांनी सणाला बोलावलेल्या सबाइन लोकांच्या मुली पळवल्या. त्यांना तरी कुठं विचारलं? म्हणाली, गोष्ट खोटी असेल, पण सांगणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, ते तर खरं आहे.

तिथून निघताना तिनं एका पुतळ्याचा चौथरा दाखवला. इ.स. 364 चा लेख, एका मुख्य पुजारणीची भरभरून स्तुती, तिच्या शीलाची, तिच्या ज्ञानाची. नाव होतं ती जागा मात्र छिन्नीनं खरवडलेली. ती ख्रिस्ती झाली असावी, असा एक तर्क आहे. मी जवळ जाऊन बघितलं. स्तुतीच्या अक्षराला धक्का नाही. छिन्नी मारणाऱ्यानं मोजून नावापुरतंच काम केलं आहे.

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढचं मी नीट ऐकलंच नाही. फॉस्टिना या सम्राज्ञीच्या देवळाचं पुढे चर्च झालं आणि त्याचा दरवाजा आज हवेत लटकल्यासारखा उंच दिसतो, कारण दरवाजा बसवला तेव्हा जमीन तिथपर्यंत भरून आली होती आणि नंतर खणून काढली. सीझरला जाळलं तिथल्या मातीच्या ढिगावर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. शेवटी फोरमच्या मध्यावर कठड्यानं बंद केलेला एक खोलगट तुकडा, कर्टियसचं तळं. जमीन दुभंगली आणि रोमची सर्वांत मोलाची वस्तू मागू लागली, तेव्हा मार्कस कर्टियस चिलखत घालून घोड्यासकट आत उडी मारून गेला, अशी कथा. आणखीही दोन कथा आहेत. एकीत शत्रूचा घोडेस्वार चिखलात रुतला, दुसरीत नुसती वीज पडली. माझं मत विचारशील तर ती सगळी जागाच मूळची दलदल, मोठं गटार काढून कोरडी केलेली, तिथं जमीन खचायला वीरपुरुष कशाला लागतो? गाइडनं माझ्याकडे बघून छत्री हलवली आणि म्हणाली, "हा निदान आपल्या पायांनी गेला." मी मान डोलावली. डोळ्यांसमोर पन्हाळ्याचा तट होता.

तर मनू, त्या दिवशीबद्दल मी तुझी माफी मागतो. एवढंच लिहायला इतके कागद लागले.

बाहेर रस्त्यावरच्या नळावर पाणी प्यालो. इथं लोखंडी नळ चोवीस तास वाहतात. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, भांडं लागत नाही. आईनं ते शिकून घेतलं आणि पहिली धार माझ्या चष्म्यावर मारली. मग सुप्ली खाल्ली, तळलेल्या भाताचा गोळा, आत चीज. आईच्या मते हिरवी मिरची हवी होती. तू घेऊन दिलेल्या बुटांनी माझे पाय वाचवले. आई कोल्हापुरीच घालणार म्हणून अडून बसली होती, आता बादलीत पाय घालून बसली आहे, तिला काही बोलू नकोस.

उद्या पॅन्थिऑन, रोमनांचं जुनं देऊळ. घुमटाला मधोमध भोक आहे, पाऊस आला तर आत पडतो म्हणे. आई छत्री घेणार आहे. शनिवारी रात्रीपर्यंत तुझ्याकडे पोचतो.

तुझे,
बाबा

ता. क. ते कणीस घरी आल्यावर पिशवीत सापडलं नाही, आणि तू दादाशी भांडलीस. दादानं नव्हतं खाल्लं. तुम्ही झोपल्यावर मी खाल्लं होतं.