आई, कपाळावरचं ते लाल म्हणजे रक्त नाही

ती. आई, बाबा आणि आजी,
सा. न.

आई, सगळ्यात आधी सांगते, मी एकदम ठणठणीत आहे. स्टेटसच्या फोटोत माझ्या कपाळावर जे लाल दिसतंय ते रक्त नाहीये, लिपस्टिक आहे. आणि डोक्यावर पेपर धरलाय कारण थिएटरच्या आत पाऊस पडत होता. हे वाचून तू अजूनच घाबरशील म्हणून आता नीट लिहायलाच बसले. सकाळी उठले तर तुझे तीन मिस्ड कॉल, बाबांचा एक, आणि दादाचा मेसेज की आई देव पाण्यात घालून बसलीय. फोनवर सांगायला गेलं की तू मधेच जेवलीस का विचारतेस आणि मुद्दा राहून जातो. दादा, हे आजीला मोठ्याने वाचून दाखव, आणि आधी तिचं मशीन कानात आहे ना ते बघ.

तर झालं असं की शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर पिक्चरला गेले होते. रॉकी हॉरर पिक्चर शो. नावात हॉरर असलं तरी भुताचा नाहीये, गाण्यांचा विनोदी पिक्चर आहे, १९७५ चा. बाबा, इंग्लंडात तो १४ ऑगस्टला लागला, म्हणजे आपल्याकडे शोले लागला त्याच्या बरोबर आदल्या दिवशी! पण हा तेव्हा पडला. मग १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या एका थिएटरने रात्री बाराचे शो लावले आणि तेच तेच लोक पुन्हा पुन्हा यायला लागले, पाठच झाला त्यांना. इथे म्युनिकमध्ये नदीच्या जवळ म्युझियम लिख्टश्पीले म्हणून १९१० सालचं जुनं थिएटर आहे, तिथे हा पिक्चर १९७७ पासून दर आठवड्याला दाखवतात. तुमचं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून. शोले मिनर्व्हाला पाच वर्षं चालला हे बाबा मला लहानपणापासून सांगतायत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता कपाळाचं. जो पहिल्यांदाच बघायला आलाय त्याच्या कपाळावर नाहीतर गालावर लिपस्टिकने इंग्रजी व्ही काढतात, म्हणजे सगळ्यांना कळतं की हा नवीन आहे. मला मागच्या रांगेतल्या एका काकूंनी काढला, तुझ्याच वयाच्या असतील. हळदीकुंकवाला धरतात तशी हनुवटी धरली त्यांनी माझी आणि अगदी हलक्या हाताने दोन रेघा ओढल्या. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना वाकून नमस्कारच करणार होते.

आणि पावसाचं. हे मात्र सविस्तर सांगायला लागेल, कारण मलाही दोनदा समजावून घ्यावं लागलं. इथले लोक कसे आहेत तुला माहितीये, रस्त्यावर एक गाडी नसली तरी लाल सिग्नलला चालणारे लोकसुद्धा थांबून राहतात, मी रविवारी मिक्सर लावला तर शेजारणीने दारावर चिठ्ठी चिकटवली होती. तेच लोक या पिक्चरला पिशवी भरून सामान घेऊन येतात. तांदूळ, जुने पेपर, पाण्याची पिचकारी, रबरी हातमोजे, टॉयलेट पेपरचा रोल, भाजलेला ब्रेड. पिक्चरमध्ये जे घडतं ते खुर्चीत बसून आपणही करायचं. म्हणजे सुरुवातीला काळ्या पडद्यावर नुसते लाल ओठ गाणं म्हणतात, मग एक लग्न लागतं, तिथे नवरानवरीवर तांदूळ टाकतात की थिएटरमधले लोकही टाकतात. मग दुसऱ्या एका जोडप्याची गाडी पंक्चर होते, रात्र, पाऊस, ती मुलगी डोक्यावर पेपर धरून चालत असते, तेव्हा अर्धे लोक पिचकाऱ्या मारतात आणि अर्धे डोक्यावर पेपर धरतात. मी पेपरवाली होते. बाबा, पेपर जर्मन होता, तुमच्या पुरवण्या मी अजून जपून ठेवल्यात. न्यूयॉर्कला लोक पडद्याकडे बघून ओरडायला लागले ते म्हणे याच सीनपासून, कोणीतरी त्या मुलीला ओरडून सांगितलं की छत्री का नाही घेत, आणि तिथून सगळे उत्तरं द्यायला लागले. पडद्यावरचा माणूस वाक्य बोलायच्या आत थिएटरमधून उत्तर आलेलं असतं. नवीन माणसाला अर्धं कळत नाही, मला पण नाही कळलं, पण मैत्रीण कानात सांगत होती.

मधे एक नाच आहे, पिक्चरमधला एक साहेब चक्क तक्ता लावून स्टेप शिकवतो, डावीकडे उडी, मग उजवीकडे एक पाऊल, हात कमरेवर, गुडघे आत. सगळं थिएटर उठून उभं राहिलं. त्या काकूसुद्धा. मी पण नाचले, आई, गणपतीत नाचते त्यापेक्षा सभ्यच.

थंडीत भिजलीस का विचारशील, तर जॅकेट होतं आणि पाणी थोडंसंच उडालं. त्या पिक्चरची हिरॉइन मात्र शूटिंगच्या वेळी खरंच आजारी पडली होती, न्यूमोनिया झाला होता तिला, त्या जुन्या वाड्यात कडाक्याची थंडी होती म्हणून. मला साधी शिंकसुद्धा आली नाही. येताना रात्रीची ट्राम होती, आम्ही चौघीजणी होतो, मैत्रीण माझ्या दारापर्यंत आली.

राहिला तो फोटोतला लिपस्टिकवाला उंच माणूस. पिक्चरमधला मुख्य शास्त्रज्ञ बायकांचे कपडे घालतो, मेकअप करतो, म्हणून बघायला येणारेही तसे नटून येतात. फोटोतला हा माणूस एका शाळेत गणित शिकवतो, फार सज्जन आहे, माझं जॅकेट त्यानेच धरलं होतं. बाबा, तुम्ही 'हे काय संस्कार' म्हणायच्या आत सांगते, तुम्हीच मला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नेऊन सांगितलं होतं की आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेबांना १९१३ साली राजा हरिश्चंद्रात तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. तेव्हा तुमचा आवाज किती अभिमानाचा होता. मला तोच आठवला.

आजी, तुला मात्र हे सगळं न सांगता कळेल. तू नेहमी सांगतेस ना, जय संतोषी मां लागला होता तेव्हा बायका चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये जायच्या, आरती आली की पडद्यावर फुलं आणि सुटे पैसे टाकायच्या. तू पण टाकलेस, आजोबांनी भाजीला दिलेले. तो पण १९७५ चाच. मी तिथे अंधारात बसले होते आणि सारखं वाटत होतं की आजी इथे हवी होती, तिने बरोबर वेळेला टाकलं असतं.

ब्रेड मात्र मी नाही टाकला. जेवणाच्या सीनला सगळे टोस्ट फेकतात, माझ्या हातात तुकडा होता पण हात वरच जाईना, अन्न टाकायचं नाही हे तू ज्या आवाजात सांगायचीस तो आवाज आला. खिशात ठेवला आणि आज सकाळी चहात बुडवून खाल्ला.

तांदूळ टाकले. त्याचंच सांगायचं होतं खरं, कालपासून मनात आहे.

मैत्रीण म्हणाली होती मूठभर तांदूळ घरून आण. ड्रॉवर उघडला तर दादाच्या लग्नाच्या पत्रिकेबरोबर तुम्ही पाठवलेली अक्षतांची पुडी होती. तशीच. डिसेंबरात तुमच्याकडे सव्वाबाराचा मुहूर्त होता तेव्हा माझ्याकडे पावणेआठ वाजलेले, बाहेर नीट उजाडलंही नव्हतं, मी नवी साडी नेसून, पुडी सोडून, अक्षता मुठीत घेऊन फोनसमोर उभी होते. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि व्हिडिओ अडकला. परत लागला तेव्हा अंतरपाट निघालेला होता, तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात, आणि माझ्या जागी मावसबहीण कऱ्हा-दिवा घेऊन उभी होती. टाकायच्या कुठे? मी त्या परत पुडीत बांधून ठेवल्या. दादा, इथे राहायच्या परवान्याच्या कार्डाचं नूतनीकरण अडकलं होतं, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, हे मी तेव्हा दहा वेळा सांगितलं आणि तूही 'कळतंय गं' म्हणालास. पण करवली मी होते.

तर त्याच अक्षता घेऊन गेले. थिएटरमध्ये पडद्यावर लग्न लागलं, सगळ्यांनी पांढरे तांदूळ उडवले, माझे लाल होते. मी तोंडातल्या तोंडात 'शुभमंगल सावधान' म्हटलं आणि टाकले. कोणालाच ऐकू गेलं नाही, इतका गोंधळ होता. दादा, वहिनी, त्या तुमच्याच होत्या, रागावू नका. बोटं घरी आल्यावरही लाल होती, आणि आज जॅकेटच्या टोपीत एक दाणा सापडला, तो देवापाशी ठेवलाय.

असो. आता कामाचं. बाबा, साठ हजार पाठवलेत, त्यातले बावीस लोनच्या हप्त्याला, बाकीचे तुमच्या मोतीबिंदूचे. पुढे ढकलू नका, गच्चीची गळती पावसाळ्याआधी बघू, त्याचे वेगळे पाठवते, मला ओव्हरटाइम मिळालाय. आणि मी पिक्चरवर पैसे उडवते असं आई म्हणायच्या आधी सांगते, महिनाभर बाहेर जेवले नाही.

पुण्याच्या स्थळाचं मावशीला नाही म्हणू नका, पण हो पण म्हणू नका. मला आधी त्याच्याशी फोनवर बोलायचंय, एकदा नाही, चार-पाचदा. त्याला रात्रीच्या ट्रामचं आणि या फोटोचं मीच सांगणार आहे, तुम्ही स्टेटस लपवा म्हणू नका. 'तुझं वय काय झालं' म्हणशील, तर ते मला माहितीये आई. अठ्ठावीस.

दिवाळीचं तिकीट काढलंय, कार्ड हातात आहे, आता काही अडकणार नाही. वहिनीला म्हणावं लग्नाचा पूर्ण व्हिडिओ मी आल्यावर लावा, एडिट केलेला नको. आणि आजी, तू दिलेली कुंकवाची डबी संपत आलीय, पंचवटीतून नवीन आणून ठेव.

तुमची,
चिऊ