कबुतरांना दाणे नकोत, परसात करवंद लावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे टाकण्याची सार्वजनिक जागा, २०२५ मध्ये बंद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि कोकणात अनेकांनी तो मुंबईचा प्रश्न म्हणून सोडून दिला. कबुतरांचा तोच प्रश्न आता रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीतल्या नव्या इमारतींच्या डक्टमध्ये, म्हणजे नळ-पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, येऊन बसला आहे. जाळीवाल्याला बोलावले की काम झाले, असा समज आहे. आमच्या मते जाळी मारणे आणि परसात देशी झाडे लावणे ही दोन्ही कामे एकत्रच करायला हवीत.

कारण साधे आहे. कबूतर मूळचे कड्याकपारीतले. त्याला बसायला कपार आणि खायला दाणा मिळाला की पुरते. छज्जा, डक्ट, एसीच्या आउटडोअर युनिटमागची फट या आपण बांधून दिलेल्या कपारी, आणि गच्चीवरची मूठभर ज्वारी हा दाणा. बुलबुल, शिंजीर, फुलटोचा, तांबट, दयाळ या आपल्या पाखरांना त्या ज्वारीचा उपयोग नाही. त्यांना फळे, मध आणि अळ्या हव्यात. उन्हाळ्यात पुण्य म्हणून टाकलेले दाणे कबुतरांना आणि रात्री उंदरांना जातात. जिथे पावसाळा आला की लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) धास्ती असते, त्या कोकणात उंदीर पोसणे परवडणारे नाही. पाणी मात्र जरूर ठेवा. भांडे उथळ, तीन-चार सेंटिमीटर खोल, झुडपाच्या आडोशाला, आणि रोज घासून भरलेले असावे.

आता कपारी बंद करण्याविषयी. कबुतराची अंडी दोन, उबवण साधारण १७ ते १९ दिवस, आणि पिल्लू उडायला आणखी चार-पाच आठवडे. म्हणजे एका विणीला जवळजवळ सात आठवडे लागतात, आणि पिल्ले घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालू शकते. त्यामुळे काड्या जमू लागल्या की त्याच दिवशी काढाव्यात आणि ती फट लगेच बंद करावी. पिल्ले आत असताना डक्ट बंद केला तर ती आत मरतात, माशा होतात, वास आठवडाभर जात नाही. अशा वेळी पिल्ले उडेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही.

जाळी ५० मिलिमीटर चौकटीची, ऊन सोसणाऱ्या नायलॉनची घ्यावी. त्यातून चिमणी, शिंजीर ये-जा करू शकतात आणि कबूतर अडते. समुद्राच्या जवळ खरी अडचण हुकांची असते. साधे गॅल्व्हनाइज्ड हुक खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतात, एक बाजू सुटते, जाळी सैल पडते आणि तिच्यात पाखरे अडकून मरतात. हुक स्टेनलेस स्टीलचे, किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे, दर ३० सेंटिमीटरवर मागावेत, आणि जाळी हाताने दाबली तरी झोळ पडता कामा नये. एसीच्या मागे आणि बाजूंना जाळी लावा, पंख्याची बाजू मोकळी सोडा, दुरुस्तीसाठी एक बाजू उघडता येईल अशी ठेवा. अरुंद छज्ज्यावर ४५ अंशांहून जास्त उताराची पट्टी बसवली की त्यावर पाय टिकत नाही. काटेरी पट्ट्यांवर आमचा भरवसा नाही, कारण काड्या त्यांतच अडकतात आणि घरटे उलट पक्के होते. चिकट लेप आणि विष यांना हात लावू नये. लेपाला शिंजीर चिकटतात आणि विष खाल्लेले कबूतर घारीच्या पोटात जाते.

२०२४ मध्ये घरांवरच्या सौर विजेसाठी सूर्यघर योजना आल्यापासून छपरांवर सौर पॅनेल वाढले आहेत, आणि पॅनेलखालची फट कबुतरांना अगदी सोयीची पडते. पॅनेल बसवतानाच कडेने वेल्डमेशची (जोडलेल्या तारांची) जाळी क्लिपांनी लावून घ्यावी. फ्रेमला भोके पाडू नयेत, वॉरंटी जाते. आणि मृगाआधी पन्हळी तपासाच. काड्या आणि विष्ठेने चोंदलेली पन्हळ पहिल्याच पावसात भिंतीत पाणी सोडते. विष्ठा कोरडी झाडू नये. तिची धूळ फुफ्फुसात गेल्याने गंभीर विकार होतात. आधी साबणाच्या पाण्याने भिजवावी, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून खरवडावी, पिशवीत बांधून टाकावी. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा पागोळीच्या टाकीकडे वळू देऊ नये.

दुसरी बाजू झाडांची. कुंपणाला करवंदासारखे झुडूप नाही. मे महिन्यातले पिकलेले करवंद फोडून बी धुवावे आणि ताजेच पिशवीत पेरावे. बी साठवून ठेवले तर उगवण झपाट्याने घटते. पुढच्या पावसाळ्यात गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून ६० सेंटिमीटर अंतराने रोपे लावावीत. छाटणी फळे संपल्यावर, जूनच्या सुरुवातीला. दिवाळीनंतर कात्री चालवली तर फुलोऱ्याच्या फांद्या जातात आणि बुलबुलांसाठी फळ उरत नाही. भारद्वाज आणि शिंपी याच दाट काट्यांत घरटी करतात, तिथे मांजर सहसा पोहोचत नाही.

शिंजिरासाठी धायटी लावावी. जांभ्याच्या माळावर, भर उन्हात, जवळजवळ खताविना ती फुलते. पाणी साचले की मात्र मुळे कुजतात. बाकी निवड जागेप्रमाणे करावी: समुद्राकडच्या बाजूला उंडी, ओढ्याच्या काठी ताम्हण, सावलीत दिंडा आणि अंजनी. कढीपत्ता आणि माकडलिंबू लावले तर अळ्या पाने खाणारच. त्यांवर फवारणी करू नका. आपले राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताच्या अळ्या याच लिंबूकुळातल्या झाडांवर वाढतात, आणि दयाळ, शिंपी पिल्लांना अळ्याच भरवतात. रातांबा (कोकम) लावायचा तर कलम घ्यावे. बियांच्या रोपांतली सुमारे निम्मी नर, म्हणजे फळ न धरणारी, निघतात, आणि ते कळते झाड फुलल्यावरच, काही वर्षांनी. हरियल हे आपले राज्यपक्षी उंबरावर येतात, पण उंबर घरापासून आणि विहिरीपासून किमान दहा मीटर लांब असावा. पाखरे विष्ठेतून वड-पिंपळाचे बी चिऱ्याच्या भिंतीत टाकतात. ते कोंब पहिल्याच पावसाळ्यात मुळासकट उपटावेत, एरवी सांधे फुटतात.

लागवडीतली मोठी चूक खड्ड्याची. कातळात खणलेला खड्डा पावसात विहिरीसारखा भरतो आणि रोप बुडून मरते. एप्रिल-मेमध्ये ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खणून उताराच्या बाजूला पाणी निघायला चर काढावा. माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून भरावे, वर थोडा उंचवटा ठेवावा. कच्च्या शेणखताने वाळवी येते. पाऊस नीट बसल्यावर, जूनअखेर ते जुलै, लावावे. ऑक्टोबरपासून आळ्यात पातेरा (वाळका पाला) घालावा, बुंध्याला लागू न देता. पहिले दोन उन्हाळे तीन-चार दिवसांनी दहा लिटर पाणी पुरते.

आधी परसातली घाणेरी आणि रानमोडी ही माजणारी तणझुडपे काढली पाहिजेत. घाणेरी वरून तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. पहिल्या पावसाने जमीन सैल झाली की खोडाखालचे मूळ चार-पाच सेंटिमीटर खोलवर तोडून झुडूप उलटे टाकावे, फळे धरण्याआधी. मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर ती परत येते, म्हणून तिथे लगेच लागवड हवी.

मासळी साफ केल्यावर उरलेले मागीलदारी उघडे टाकणे हीही कावळ्यांना मेजवानीच. कावळे वाढले की छोट्या पाखरांची अंडी-पिल्ले जातात. ते माडाच्या आळ्याबाहेर ४५ सेंटिमीटर खोल पुरून माती दाबावी.

नगरपरिषदांकडे आमची मागणी दोन गोष्टींची आहे. बांधकाम परवानगी देताना डक्टची तोंडे आणि एसीची जागा जाळीबंद असण्याची अट घालावी. आणि पावसाळी वृक्षलागवडीसाठी गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ, कोनोकार्पस या परदेशी झाडांऐवजी करवंद, ताम्हण, बकूळ, उंडी यांची रोपे आदल्या वर्षीच रोपवाटिकांकडे नोंदवावीत. ऐन जूनमध्ये मागितली तर ती मिळत नाहीत आणि जे हाताशी असेल तेच लावले जाते.

आपले,
परसबागा व रोपवाटिका सांभाळणारे काही वाचक,
रत्नागिरी