मुलांना ‘द ब्रेडविनर’ वाचू द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

बालपुरवणीत सुट्टीसाठी पुस्तकांची लिस्ट आली ती चांगलीच होती, पण तालिबानच्या राज्यात वाढणाऱ्या मुलींवरचं एकही पुस्तक त्यात नव्हतं हे खटकलं, म्हणून लिहितेय.

कॅनडाच्या डेबोरा एलिस पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन बायका-मुलींशी बोलल्या आणि त्यातून २००० साली ‘द ब्रेडविनर’ हे कादंबरीचं पुस्तक आलं. अपर्णा वेलणकरांनी ते मराठीत आणलंय, म्हणजे इंग्रजीचीही अडचण नाही. काबूलमधली ११ वर्षांची परवाना, वडिलांना तालिबानी उचलून नेतात, घरात आई, मोठी बहीण, दोन लहान भावंडं आणि पुरुष सोबत असल्याशिवाय बाईने बाहेर पडायचं नाही, मग भाकरी आणणार कोण? तर हिचे केस कापतात, वारलेल्या भावाचे कपडे घालतात आणि ही मुलगा बनून बाजारात बसते, लोकांची पत्रं वाचून देते. एक तालिबानी पण येतो, पत्र त्याच्या वारलेल्या बायकोच्या नावचं असतं आणि ऐकताना त्याच्या डोळ्यातून पाणी येतं. ज्यांनी बापाला नेलं त्यांच्यातलाच हा माणूस, त्याचं काय करायचं हे लेखिका सांगत बसत नाही. मला तरी पुस्तकातली सगळ्यात मोठी जागा हीच वाटते. पुढे तर जास्त पैसे मिळतात म्हणून ती कबरस्तानात हाडं उकरायला जाते.

पालक म्हणतात एवढं जड कशाला वाचायचं या वयात. अहो, ती स्वतःच ११ वर्षांची आहे! आणि हे जुनं झालं असंही नाही, १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत काबूलमध्ये आले, २३ मार्च २०२२ ला मुलींच्या हायस्कूलचं दार उघडलं आणि त्याच दिवशी बंद केलं, दप्तर घेऊन आलेल्या मुली रडत घरी गेल्या. सातवी-आठवीतल्या आपल्या मुलांना हे कळतं, आणि मुलींनीच नाही, मुलांनी तर जरूर वाचावं.

पुरवणीत या पुस्तकाची ओळख द्यावी ही विनंती. आणि शाळांनी ते कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला येईल असं ठेवावं, पहिलं संपलं की मुलं पुढचं मागतात, तेव्हा पुढचे भागही सोबतच घ्यावेत.

आपली,
एक वाचक आई, सांगली