मन्यास पत्र : सुपरकॉम्प्युटर भाड्याने का नको

नागपूर

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू मला उडवूनच लावलंस. "सुपरकॉम्प्युटर काहून पाहिजे बे तुम्हाला? क्लाउड घ्या अन् मोकळे व्हा!" तुझ्या कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालतो, तेव्हा तुला तसं वाटणारच. फोनवर तू कोणाला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे दिवाळीच्या सेलला गर्दी झाली की सर्व्हर वाढवायचे, ओसरली की बंद करायचे. आमचं तसं नाही. माझी एक विद्यार्थिनी पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या पदार्थांवर काम करते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्याची गत तुला ठाऊक आहेच. त्या पदार्थाच्या पृष्ठभागावर आयन कुठे नि किती घट्ट बसतो, हे काढायला शेकडो कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले हिशोब करणारे भाग, एकाच गणिताला जुंपावे लागतात आणि दर पायरीला त्यांना आपसात आकडे द्यावे-घ्यावे लागतात. त्यांना जोडणारं मधलं जाळं मंद असलं की महागडे कोअर नुसते वाट बघत बसतात. म्हणून इन्फिनिबँडसारखं वेगवान जाळं लागतं, ज्यात एक निरोप मायक्रोसेकंदाच्या घरात पोचतो. क्लाउडवरही असं काही मिळतं, नाही कोण म्हणतो? पण यंत्र बारा महिने रात्रंदिवस भरलेलं राहणार असेल, तर भाडं कुठवर भरायचं? शिवाय आमचा पैसा येतो 'उपकरण' या शीर्षाखाली. डॉलरबरोबर वरखाली होणारं महिन्याचं बिल आमच्या लेखा विभागाकडे नेऊन दाखव एकदा!

मग होतं काय, जो तो आपल्या प्रकल्पातून आपला छोटा क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांचा गट, घेतो. आमच्याकडेही आहे. एक खोली, दोन स्प्लिट एसी, कोपऱ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या. मे महिन्यात एक एसी बसला की नोड, म्हणजे त्यातले संगणक, तापून आपोआप बंद पडतात आणि पीएचडीचा पोरगा दार उघडून टेबलफॅन लावतो. तो पोरगा थिसिस देऊन गेला की सगळ्या यंत्राचा ताबा देणारा रूट पासवर्डही त्याच्यासोबत जातो. दोन विभाग सोडून तिसऱ्याकडे तसलंच यंत्र रिकामं पडलेलं असतं, पण मागायचं कोणी?

अमेरिकेतही हेच रडगाणं होतं. तिथेच बनलेल्या क्रे नावाच्या सुपरकॉम्प्युटरवर काम करायला लॅरी स्मार नावाचा खगोलभौतिकीवाला जर्मनीत म्युनिकला जात असे. परत येऊन त्याने १९८३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुपरकॉम्प्युटर केंद्र काढायचा प्रस्ताव धाडला, तोही कोणी मागितलेला नसताना. पुढे तिथल्या विज्ञान प्रतिष्ठानने पाच सामाईक केंद्रं उभी केली. त्यातलं प्रिन्स्टनचं लवकरच मिटलं. ज्या ईटीए कंपनीचं यंत्र घेतलं होतं, ती कंपनीच १९८९ मध्ये बंद झाली. इलिनॉयचं टिकलं. तिथल्याच पोरांनी १९९३ मध्ये मोझेक ब्राउझर काढला. यंत्रं तर केव्हाच भंगारात गेली, नाव राहिलं ते माणसांच्या कामाचं.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं. बनारसच्या आयआयटीत 'परम शिवाय' नावाचं यंत्र बसलं, तुझ्या पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म'. चांगलंच झालं. पण नागपुरात व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं, नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था, कापूस संशोधन संस्था, विद्यापीठ, एवढी मंडळी एका गावात असताना एक यंत्र सामाईक का असू नये?

लोक म्हणतात, नागपूरच्या उन्हात कसं थंड ठेवणार? मला उलट मे महिन्याची धास्ती नाही. कोरडी हवा, पाणी उडवून गारवा करायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. हवा दमट झाली की कूलर नुसता घोंगावतो. यंत्राचं तापलेलं पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरचंही तेच. तेव्हा चिलर, म्हणजे फ्रीजसारखं पाणी गार करणारं यंत्र, ठेवायचा त्या दिवसांच्या हिशोबाने. आणि पाणी? भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच ना, तशी थोडी सोय इथेही करता येईल.

घोडं पेंड खातं ते माणसांपाशी. या सामाईक यंत्रासाठी परवा बैठक झाली, तीत इमारत कोणाच्या आवारात, उद्घाटनाची पाटी कोणाची, यावर चहाचे दोन राऊंड झाले. यंत्र चालवणार कोण, यावर एक ओळ: 'कंत्राटी, अकरा महिने'. अरे, रांगेचे नियम बसवायचे, कोणाचं काम आधी अन् कोणाचं मागे हे भांडण न होता ठरवायचं, हे का अकरा महिन्यांच्या माणसाचं काम आहे? एखादा पोरगा दोनशे कोअर मागतो आणि त्याचा प्रोग्राम चालतो एकावर. बाकीचे एकशे नव्याण्णव अडवलेले, मागे लोक खोळंबलेले. यंत्र काही बोलत नाही. शेजारी बसून "बापू, हे असं लिही" म्हणणारा कायमचा माणूस लागतो. पाच-सहा वर्षांत यंत्र जुनं होईल, दुसरं येईल. हा माणूस गेला तर दुसरा कुठून आणू? माझं तर म्हणणं आहे, रॅक, म्हणजे यंत्रांची कपाटं, दोन कमी घ्या, पण अशी चार माणसं पक्क्या पगारावर ठेवा. बैठकीत हे बोललो तर सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी जावयाला हुंडा परत मागितला.

तर आता तुझ्याकडे काम. तुमच्या ऑफिसात रात्रीबेरात्री सर्व्हर सांभाळणारी जी मंडळी आहेत, त्यांना खरोखर किती पगार देता तो आकडा मला कळव. जाहिरातीतला नको, हातात पडतो तो. प्रस्तावात टाकायचाय आणि पुढची बैठक सोमवारी आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या