पासवर्ड बरोबर होता, हे लिहून ठेवणाऱ्या हेल्पडेस्कवरच्या सरांस

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे घालत नाही. उगाच तुमच्या टीम लीडरला वाटायचं की कौतुक सांगून लिहून घेतलंय. माझ्या तक्रारीचं तिकीट बंद झाल्यावर तुमच्या कंपनीचा तो नेहमीचा फॉर्म आला, पाच ताऱ्यांचा. पाचही दिले. खाली अभिप्रायाची चौकट होती, तिच्यात जेमतेम दोन वाक्यं मावली आणि पुढे अक्षर उमटेना. माझं तर अजून सुरूही झालं नव्हतं. म्हणून हे जाहीर पत्र.

वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे असाल. आवाजावरून तरी तसंच वाटलं. पण तुम्हाला अरे-तुरे करायला जीभ रेटत नाही, त्यामुळे 'सर'च म्हणते. चालवून घ्या.

झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या ऑफिसने एप्रिलपासून हजेरी, रजा, पगाराची स्लिप असं सगळं एका नव्या पोर्टलवर नेलं. मी बिलिंगला. सकाळी भांडुपहून स्लो लोकल, घाटकोपरला मेट्रो, साकीनाक्याला उतरून आमच्या गाळ्यात वेळेवर हजर. पोर्टल उघडावं, तर ते पासवर्ड घ्यायचं, मोबाइलमधल्या ॲपचा सहा आकडी कोडही घ्यायचं, आणि आत गेल्यावर हजेरीच्या बटणाच्या जागी एक ओळ : 'आपल्याला या पानाची परवानगी नाही.' मी खुर्चीत बसून चलनांचा ढीग उपसतेय, शेजारचे माझ्या हातचा चहा पितायत, आणि पोर्टलच्या लेखी मी गैरहजर. महिनाअखेरीला ते दिवस बिनपगारी. साहेब म्हणाले, हजेरी दुरुस्तीचा अर्ज टाका, मी लगेच मंजूर करतो. अर्ज टाकायचा त्याच पानावर. बरं, तक्रारीचं तिकीट टाकावं, तर त्याचंही बटण त्याच पानाच्या तळाशी! फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, कंपनीने १५ जूनच्या आत द्यायचा असतो, तो त्यांनी दिलाही. जिथे ठेवला ते पान मला उघडत नव्हतं, एवढंच.

शेवटी साहेबांच्या लॉगिनमधून माझी तिकिटं जायला लागली. आणि इथून तुमच्या आधीच्या मंडळींची कामगिरी सुरू होते.

राग राग करायचा नाही असं ठरवून बसले होते, पण लिहायला घेतलं की येतोच. पहिल्यांनी सांगितलं, ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवलेली जुनी पानं, साफ करा. केली. दुसऱ्यांनी सांगितलं, ब्राउझर बदला. बदलला. मग पासवर्ड रिसेट, मग परत रिसेट, मग 'कॅप्स लॉक चालू नाही ना मॅडम?' प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला रामायण पहिल्यापासून. एकजण तर म्हणाला, 'पासवर्ड फोनवर सांगा, मीच टाकून बघतो.' ओटीपी, पासवर्ड कोणालाही सांगू नका असं बँकेपासून रेडिओपर्यंत सगळे कानीकपाळी ओरडतायत, आणि हेल्पडेस्कवालाच मागतोय! दुसऱ्या एका विद्वानाने निदान केलं की तुमच्या भागात रेंज नाही, म्हणून कोड चालत नसणार. मी घरी जाऊन फोन फ्लाइट मोडवर टाकला. कोड येतच होते. त्या ॲपमधल्या कोडला रेंज लागतच नाही. आधी ठरलेली एक गुप्त किल्ली आणि फोनमधलं घड्याळ, या दोन्हींवरून फोन स्वतःच दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतो. पलीकडे सर्व्हरही तेच गणित करतो. २०११ पासून ही पद्धत जगजाहीर आहे. हे मला माझ्या पुतण्याने जेवता जेवता सांगितलं. हेल्पडेस्कवर पगार घेणाऱ्या माणसाला ते माहीत नसावं?

आणि प्रत्येक तिकीट बंद होताना खाली कारण काय, तर 'यूजर एरर'. तिकिटं साहेबांच्या लॉगिनमधून गेलेली, त्यामुळे शेरेही त्यांच्याच मेलवर. साहेब माणूस वाईट नाही. पण एक दिवस मीटिंगमध्ये हसत हसत म्हणाले, 'मॅडमना हे नवीन प्रकरण जरा जड जातंय.' सगळे हसले. मीही हसले, काय करणार. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर ५.४ होतं तेव्हापासून मी की-बोर्ड बडवतेय. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा व्हॅटची सगळी खाती नव्या साच्यात बसवायला आमच्या विभागात रात्री जागणाऱ्यांत मी होते. मीटिंगच्या त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत नेला.

मग तुमचा फोन आला.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं : 'मॅडम, मी जुनी सगळी तिकिटं वाचलीत, तुम्हाला परत पहिल्यापासून सांगायची गरज नाही.' मी क्षणभर काही बोललेच नाही. फोन कट झाला असं वाटून तुम्ही 'हॅलो, हॅलो' केलंत, आठवतंय?

पुढे तुम्ही विचारलंत, 'स्क्रीनवर जे दिसतंय ते वरपासून खालपर्यंत वाचून दाखवाल का? फालतू वाटेल तेसुद्धा.' इतक्या जणांशी बोलले, पण हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना फक्त एररचा नंबर हवा होता. मी वाचत गेले आणि कोपऱ्यातल्या नावावर आले. तिथे माझं माहेरचं आडनाव होतं. हे मी आधीच्या प्रत्येकाला सांगितलं होतं. उत्तर एकच : 'ते सोडा मॅडम, ते नुसतं डिस्प्ले नेम आहे.' तुम्ही मात्र थांबलात. म्हणालात, 'एक मिनिट, हे कधीपासून दिसतंय?' मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. तुमच्याकडून की-बोर्डचा टकटक आवाज आला, बराच वेळ, आणि मग तुम्ही म्हणालात, 'मॅडम, सिस्टिममध्ये तुम्ही दोन आहात.'

मी लग्नाआधीपासून याच कंपनीत. पीएफच्या नोंदीत माहेरचं आडनाव राहून गेलेलं, हजेरीच्या यादीत सासरचं. नवं पोर्टल भरताना दोन याद्या ओतल्या आणि एका बाईच्या दोन बाया झाल्या. लॉगिन एकीचं, हजेरीचे हक्क दुसरीकडे. आधीची मंडळी इमानेइतबारे पहिलीचा पासवर्ड बदलत बसली होती. तो कधी बिघडलाच नव्हता.

मी विचारलं, मग ते मला आत तरी का घेत होतं? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलंय : 'तुमच्याकडे सेकंड क्लासचा पास आहे. पास खरा, नाव खरं, स्टेशनात तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण फर्स्टच्या डब्यात बसलात तर टीसी उठवणारच. तुम्ही कोण हे ओळखणं वेगळं आणि तुम्हाला कुठे बसू द्यायचं हे वेगळं.' आमच्या गोदामातल्या मावशींनाही हे एका दमात कळलं.

दुरुस्ती कशी केलीत ते मी सांगत बसत नाही, मला त्यातलं अर्धं कळलंही नाही. एवढं लक्षात आहे की पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तुम्ही आपणहून म्हणालात, 'मी स्क्रीन शेअरिंग बंद करतो, तुमचं टाकून झालं की सांगा.' आणि कोड वाचायला मी तोंड उघडलं तर 'नको नको, मला सांगू नका, तुम्हीच टाका.'

पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठीही नाही.

हजेरी सुरू झाली, मी आभार मानले, फोन ठेवला. तुमचं काम तिथे संपलं होतं. तिकीट बंद करायला एक यादी असते म्हणे, तिच्यातून एक कारण निवडायचं की झालं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तुम्ही शेवटचं तिकीट तर बंद केलं होतंच, पण जुनी सगळी तिकिटं पुन्हा उघडून प्रत्येकावरचं 'यूजर एरर' काढलं होतं. त्या जागी 'दुहेरी नोंद, डेटा स्थलांतरातील चूक'. आणि खाली एक ओळ होती. इंग्रजीत होती, मी मराठीत सांगते : कर्मचाऱ्याने पहिल्या दिवसापासून दिलेली माहिती बरोबर होती, ती तपासली गेली नाही. मेलची प्रत साहेबांना आणि एचआरला.

हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं नव्हतं. जुनी तिकिटं उघडायला परवानगी लागली असणार, वेळ गेला असणार. त्यातली काही तुमच्या शेजारी बसणाऱ्यांची असणार. त्यांना ते रुचलं असेल असं मला वाटत नाही. आणि मला यातलं काही कळवलंही नाहीत. साहेबांनी दाखवलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता.

साहेब म्हणाले, 'सॉरी मॅडम.' मीटिंगमध्ये म्हणाले असते तर जास्त बरं झालं असतं, पण ठीक आहे. एचआरने कापलेले दिवस पुढच्या पगारात भरून दिले. पैसे मोजून घेतले, सोडते कशाला. पण त्या एका ओळीने जे झालं ते पैशाने झालं नाही. एखादी गोष्ट खरी सांगत असताना लोक मान हलवतात आणि मनातून ठरवून टाकतात की हिला कळत नाही, तेव्हा काही दिवसांनी आपल्यालाच वाटायला लागतं की कळत नसेल खरंच. मी घरी बसून स्वतःचा पासवर्ड कागदावर लिहून एकेक अक्षर ताडून बघायला लागले होते. मुलगा म्हणायचा, आई, पुरे.

तुमच्याशी बोलल्यापासून मला या विषयाचं वेडच लागलंय. आमच्याकडे ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे, आणि बदलला नाही तर दम देणारा मेल येतो. वाचताना कळलं की अमेरिकेतल्या निस्ट या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय, पासवर्ड फुटल्याची काही खूण नसेल तर लोकांना उगाच बदलायला लावू नका. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या सुरक्षा शिफारशींमधून ही अट काढून टाकली. कारण साधं आहे, सारखं बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात. आमच्या अख्ख्या मजल्यावर तेच चालतं. एचआरला हे कळवलं. उत्तर नाही. येईल, घाई नाही.

मुंबईत चांगुलपणा नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. संध्याकाळच्या लेडीज डब्यात अंग चोरून चौथ्या सीटची जागा करून देणाऱ्या बाया मी रोज बघते. आमच्या पोस्टात खिडकीवर एक बाई आहेत, म्हाताऱ्यांची स्लिप स्वतः भरतात आणि सही करायच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली करून देतात. कोणी मागत नाही त्यांच्याकडे. पण हे सगळं समोरासमोरचं झालं. समोर माणूस थकलेला दिसतो, म्हातारा दिसतो, मग पाझर फुटतो. तुम्हाला मी दिसतही नव्हते. तुमच्यापुढे एक तिकीट नंबर होता, आणि वर वैतागलेला आवाज. (त्या दिवशी मी गोड बोलत नव्हते, हे मान्य.) शिवाय तुमच्याकडे दिवसाला किती तिकिटं मिटवली यावर हिशेब होत असणार. अशा ठिकाणी मिटलेली तिकिटं उघडत बसणारा माणूस म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा. तो मारून घेतलात. तुमच्या वरिष्ठांच्या वाचनात हे आलं तर त्यांनी त्या दिवशीचा आकडा कमी का, असं तुम्हाला विचारू नये. मला विचारावं, मी साकीनाक्याला असते.

ऐरोलीहून बोलताय म्हणाला होतात. भांडुपहून फार लांब नाही, दिवाळीत फराळाचा डबा घेऊन येणार होते, पण तुमच्या गेटवर मला कोणी आत सोडणार नाही. एकदा वेळ काढून घरी या. येताना आईवडिलांनाही आणा.

आता एक काम. आमच्या गोदामातल्या दोघींचंही हेच झालंय; दोघींनी लग्नानंतर आडनाव बदललेलं, दोघींच्या तिकिटांवर पुन्हा तोच 'यूजर एरर'चा शेरा. त्यांना मी कोपऱ्यातलं नाव वाचायला सांगितलं, जुनंच निघालं. आज दुपारी दोन्ही तिकिटं परत टाकलीत आणि नावाची गोष्ट पहिल्याच ओळीत लिहिलीय. जमलं तर तुम्हीच उचला.

आपली,
बिलिंग विभागातली,
भांडुपची एक बाई