किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी नको, दोरी सक्तीची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर उजाडला की कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम सुरू होतो. नेमक्या त्याच सुमारास दिवाळीची सुट्टी, नाताळ, जोडून आलेले शनिवार-रविवार गाठून घाटावरची कुटुंबं गाड्या भरभरून खाली उतरतात. हल्ली त्या गाड्यांत कुत्रीही असतात. आमच्याही असते, म्हणूनच हे लिहिते आहे.

आम्ही कराडचे. घरात सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि भुरी. भुरी गावठी आहे, पण तिला मागे ठेवून आमची सुट्टी होत नाही. गेल्या मार्चमध्ये तिला घेऊन गुहागरला गेलो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. वळणांवर तिला मळमळतं, म्हणून घाट उतरेपर्यंत तिच्या पोटात काही घातलं नाही, खाली आल्यावर दहीभात दिला. उतरलो ते सुरूच्या बनाजवळच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत. तिथल्या काकूंनी भुरीला पाहून पहिल्यांदा पाण्याचं भांडं आणलं आणि मग सासूबाईंना म्हणाल्या, "पडवीत बांधा, माझी काही हरकत नाही. पुळणीवर मात्र मोकळी सोडू नका हो. कासवांची अंडी आहेत." एवढं स्पष्ट आणि इतक्या आपुलकीनं आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळेच किनाऱ्यावर गेलो. गुडघेदुखी विसरून सासूबाईसुद्धा. तिथल्या कासवमित्राने, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या कार्यकर्त्याने, मुलाला बोलावून वाळूतली खूण दाखवली. मादी रात्री पाण्यातून वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे येत नाही. राहतात ते तिच्या येण्या-जाण्याचे दोन पट्टे. त्यांच्या मागावर हे कासवमित्र हातात काठी घेऊन रात्री-पहाटे फिरतात, काठी हलकेच दाबून भुसभुशीत वाळू शोधतात आणि अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत (अंडी उबवण्याच्या राखीव जागेत) तशाच खड्ड्यात नेऊन पुरतात. ते पोहोचण्याआधी कोल्हा किंवा कुत्रा पोहोचला तर घरटं संपलं. माणसाला पट्टे शोधावे लागतात, कुत्र्याला नाकच पुरतं.

त्या सकाळी पिल्लं सोडायची होती. सगळे दोरीमागे उभे होते. टोपली तिरपी केली आणि काळपट, तळहाताच्या निम्म्यातही मावतील अशी पिल्लं वाळूवर उतरली. ती समुद्रापर्यंत स्वतः चालत जातात, उचलून पाण्यात टाकत नाहीत. एक पिल्लू कोणाच्या तरी पावलाच्या ठशात पडलं. चारही वल्ही मारून कडेपर्यंत यायचं, घसरायचं, परत चढायचं. मुलगा श्वास रोखून बघत होता. भुरी सगळ्यांच्या मागे, माझ्या मनगटाला दोरीनं बांधलेली. तिचे कान ताठ झाले होते, ती कण्हत होती, सगळं अंग पुढे ओढत होतं. माझी कुत्री शहाणी आहे, पण त्या क्षणी तिला थांबवत होती ती दोरी.

तेवढ्यात बाजूने दोन मोठी मोकळी कुत्री चेंडूमागे धावत आली. कासवमित्र हात पसरून आडवा उभा राहिला, दोन-तीन माणसांनी आरडाओरड केली आणि कुत्री वळली. मालक मागून सावकाश आले. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "आमची काही करत नाहीत." कासवमित्राने हात जोडून विनंती केली, तर आवाज चढवून "किनारा काय तुमच्या मालकीचा आहे का?" असं विचारलं. तो बिचारा गप्प राहिला. पहाटे तीनपासून पायपीट केलेल्या माणसाला असं ऐकवलं जावं, याची मला अजून चीड येते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. फेब्रुवारी 2023 मध्ये याच गुहागरच्या किनाऱ्यावरून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली 'बागेश्री' नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. एवढा पल्ला मारणारी मादी अंडी घालायला आपल्या वाळूवर येते, तर तिच्या अंड्यांवर आपली कुत्री सोडू नयेत, ही फार मोठी मागणी नाही.

"गावातली भटकी कुत्री काय कमी आहेत?" असं काही जण म्हणतील. कमी नाहीत आणि त्यांची नसबंदी, लसीकरण व्हायलाच हवं. पण ते काम पूर्ण होईपर्यंत आपण घाटावरून आणखी कुत्री आणून मोकळी सोडायची, हे कुठलं उत्तर?

शिवाय दोरी कुत्र्याच्याही भल्याची आहे. जाळ्यात आलेला केंड मासा मच्छीमार किनाऱ्यावरच टाकून देतात. तो विषारी असतो आणि कुत्र्याने खाल्ला तर जिवावर बेततं. दुपारी वाळूने पंजे भाजतात. तहानेने समुद्राचं पाणी प्यायलं की उलट्या सुरू होतात. आम्ही भुरीला उन्हाच्या आत वाडीत आणलं. दिवसभर ती पोफळीच्या सावलीत लोळली, सासूबाईंनी उसळीसाठी ओले काजू सोलत तिच्याशी गप्पा मारल्या आणि संध्याकाळी लांब दोरीवर ती ओल्या वाळूत मनसोक्त पळाली. तिची सुट्टी आमच्याइतकीच छान झाली.

म्हणून विनंती आहे. सरसकट बंदी घालू नका. तसं झालं तर एक तर लोक कुत्री घरी कोंडून जातील, नाहीतर चोरून किनाऱ्यावर आणतील. नोव्हेंबर ते मे दोरी सक्तीची करावी, हॅचरीच्या आसपास कुत्र्यांना पूर्ण मनाई असावी आणि पहाटे-रात्री त्यांना किनाऱ्यावर आणूच नये. नगरपंचायत, ग्रामपंचायती आणि वन विभागाने तसे मराठीतले ठळक फलक किनाऱ्याच्या प्रत्येक वाटेवर लावावेत. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी खोलीचं बुकिंग घेतानाच फोनवर काकूंसारखं सांगावं, कारण गाडीतून उतरून कुत्रं वाळूकडे धावल्यावर सांगून उपयोग नसतो.

फलकांचा खर्च ही अडचण असेल, तर कुत्री घेऊन कोकणात जाणारी आमच्या ओळखीतली कुटुंबं वर्गणी काढायला तयार आहेत. हंगामाआधी कोणाशी बोलायचं तेवढं संबंधितांनी कळवावं.

आपली,
एक वाचक, कराड