मित्रास पत्र: नवा थर्मोस्टॅटही आधी पाण्यात तपास

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असली की तापमानाचा काटा खाली येतो, गर्दीत थांबलास की पुन्हा वर चढतो आणि हीटरमधून जेमतेम कोमट हवा येते, एवढे वाचल्यावर तुझा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडाच अडकला असावा याबद्दल मला फारशी शंका उरली नाही. माझ्या गाडीचेही हेच झाले होते. मात्र मेकॅनिकने ‘तो काढूनच टाका, इंजिन थंड राहील’ असा जो सल्ला तुला दिला आहे, तो कृपा करून मानू नकोस. हे पत्र तातडीने लिहायला घेतले ते मुख्यतः त्यासाठीच.

इंजिन थंड राहणे ही चांगली गोष्ट नव्हे. थंड इंजिनाला जास्त इंधन पुरवले जाते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते, आणि ऑइल पुरेसे तापत नसल्यामुळे त्यात मिसळलेले इंधन व पाण्याचा अंश उडूनही जात नाही. झीज वाढते ती अशी. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी एक चकती असते. मुख्य झडप उघडत जाते तशी ही चकती बायपासची, म्हणजे रेडिएटरला टाळून कूलंट परत इंजिनात नेणारी, वाट बंद करते, म्हणून कूलंट रेडिएटरकडे वळते. थर्मोस्टॅटच काढला तर ती वाट कायमची उघडी राहते, बरेचसे कूलंट रेडिएटरला टाळून गरमच्या गरम इंजिनात परतते, आणि लांब चढावर भार पडला की थंड ठेवायला निघालेले तेच इंजिन तापू लागते.

या छोट्या भागाच्या रचनेचे मला खरोखर कौतुक वाटते. साध्या थर्मोस्टॅटला वीज लागत नाही. पितळी कुपीत मेण भरलेले असते. ते वितळताना फुगते, दांड्यावर दाब देते आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. मेण निवले की स्प्रिंग ती पुन्हा बंद करते. झडप कोणत्या तापमानाला उघडू लागावी तो आकडा, 82 किंवा 88 अंश सेल्सिअस असा, बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो.

खोलण्यापूर्वी एक खात्री करून घे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू कर आणि रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) अधूनमधून हात लावत राहा; हात पंख्यापासून दूर ठेव, कारण विजेवरचा पंखा अचानक सुरू होतो. थर्मोस्टॅट कूलंट इंजिनातून बाहेर पडण्याच्या वाटेवर असेल आणि नीट असेल, तर काटा मधल्या खुणेजवळ येईपर्यंत होज थंडच राहतो आणि मग थोड्याच वेळात चटका बसेल इतका तापतो. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला, तर झडप बंद होत नाही असे समज. याउलट काटा लाल खुणेकडे गेला तरी होज थंडच असेल, तर ती उघडत नाही. तेव्हा इंजिन लगेच बंद कर.

आता मुख्य गोष्ट. नवा थर्मोस्टॅट आणशील तो बसवण्याआधी पाण्यात तपास, आणि जुना काढल्यावर तोही. झडपेच्या फटीत एक दोरा अडकवून त्या दोऱ्यानेच थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत ठेवायचा. तो भांड्याच्या तळाला टेकता कामा नये, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी थर्मामीटर ठेव, मंद आचेवर पाणी ढवळत राहा. झडप उघडू लागताच दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणीचे तापमान टिपून घे. मी पहिल्या वेळी आच मोठी ठेवली होती आणि 88 अंशांचा नवा थर्मोस्टॅट 94 ला उघडला, म्हणून तो खराब समजून मी परत करायला निघालो होतो. मेण पाण्याच्या मागून तापते हे लक्षात आल्यावर सावकाश पुन्हा पाहिले, तेव्हा तो बरोबर 88 च्या आसपास उघडला. पूर्ण उघडायला साधारण आणखी 10 ते 15 अंश लागतात, त्यामुळे उघड्या भांड्यात तो पूर्ण उघडलेला दिसेलच असे नाही. विजेच्या जोडणीचा, 100 अंशांच्या पुढे उघडणारा प्रकार तर या रीतीने तपासताच येत नाही. शेवटी निवलेला थर्मोस्टॅट उजेडासमोर धर. माझ्या जुन्याच्या झडपेतून प्रकाशाची बारीक चंद्रकोर दिसत होती, आणि साऱ्या दुखण्याचे मूळ तेच होते.

बसवताना घाई करू नकोस. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, कारण आतले कूलंट दाबाखाली असते आणि उसळून अंगावर येते. काढलेले कूलंट झाकून ठेव. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते आणि जनावरे ते चाटतात. जुने गास्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारा पातळ थर) ॲल्युमिनियमवर ओरखडा न उमटवता काढ. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा सुटण्याचे लहानसे छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला ठेव. ते खाली राहिले तर मेणाभोवती हवा कोंडते आणि झडप उशिरा उघडते. बोल्ट आलटूनपालटून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळ.

पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे कूलंट भर, हीटर पूर्ण गरमवर ठेव आणि पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहा. आत अडकलेली हवा सुटली की ती थोडी उतरलेली असते.

जुना आणि नवा, दोन्ही थर्मोस्टॅट कितीला उघडले ते आकडे मला जरूर लिहून कळव. ते कळेपर्यंत जुना टाकून देऊ नकोस.

तुझा मित्र